हाताला गुण नाही की कुंडीला भोक नाही?

‘माझ्या हाताला झाडं जगतच नाहीत गं!’ हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर हे वाक्य ऐकू येतं. मोठं सोयीचं वाक्य आहे हे. हाताला गुण नाही म्हटलं की पिवळं पडलेलं मनी प्लांट कचऱ्यात टाकायला आपण मोकळे. पण बहुतेक वेळा हाताचा काही संबंधच नसतो. ते झाड चक्क बुडून मेलेलं असतं.

मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यात ती खेळते. रोज ग्लासभर पाणी ओतलं की त्या पोकळ्यांत पाणीच साचून राहतं. मुळं गुदमरतात, कुजतात. खरी गोची पुढेच आहे. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून वर पानं माना टाकतात. तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड लांबून सारखंच दिसतं. आपल्याला वाटतं, बिचाऱ्याला पाणी कमी पडलं. मग आणखी एक ग्लास!

म्हणून माझं म्हणणं असं की, झाड आजारी दिसलं की पहिल्यांदा पाण्याची बाटली खाली ठेवा. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. माती ओली लागली, वर कुबट वासही येत असेल, तर झाड अलगद कुंडीबाहेर काढा. पांढरी, कडक मुळं म्हणजे जीव आहे. तपकिरी, लिबलिबीत मुळं स्वच्छ कात्रीने कापून टाका. उरलेलं रोप भुसभुशीत मातीत लावा. मातीत थोडी जाडसर वाळू आणि कोकोपीट मिसळलं की झालं. कुंडी मोठी घेण्याचा मोह नको, जास्त माती म्हणजे जास्त ओल. पिवळी झालेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, त्यांची वाट बघू नका. खतही लगेच नको, नवीन पान फुटू दे आधी. आणि माती कोरडी ठणठणीत निघाली, तर मात्र झाड खरंच तहानलेलं आहे. खालून निथळेपर्यंत पाणी घाला.

मनी प्लांटची सगळीच मुळं गेली असली तरी आशा सोडायचं कारण नाही. हिरव्या वेलीचा तुकडा पेराच्या खाली कापा, ते पेर बुडेल इतक्या पाण्यात उजेडाला ठेवा. काही आठवड्यांत मुळं फुटतात.

उजेडाबद्दलही आपण स्वतःला फसवतो. ‘इंडोअर प्लांट’ नावाची वेगळी जात निसर्गात नाही. स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतलं, झीझी प्लांट पूर्व आफ्रिकेतलं. कमी उजेडात ती तग धरतात एवढंच, अंधार त्यांना आवडतो असं नाही. उजेड कमी, तर झाड पाणीही कमी पितं. पावसाळ्यात हवाच दमट, त्यामुळे माती वाळायला आणखी वेळ लागतो. ‘आठवड्यातून दोनदा’ असा नियम अशा वेळी काय कामाचा? (झीझीच्या मातीखाली तर बटाट्यासारखे कंद असतात, त्यात ते पाणी साठवतं. तुम्ही सुट्टीला घरी गेलात तरी त्याचं काही अडत नाही.)

‘हवा शुद्ध करणारी’ म्हणून झाडं विकणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे. या दाव्याचं मूळ नासाच्या १९८९च्या अहवालात आहे, पण ते प्रयोग लहानशा बंद चेंबरमध्ये केलेले होते. आपल्या खोलीला खिडकी असते, दार असतं. झाड आवडतं म्हणून ठेवा ना, तेवढं कारण पुरे.

माझा खरा राग आहे तो भेटवस्तूंच्या दुकानातल्या गोंडस सिरॅमिक कुंड्यांवर. कितीतरी कुंड्यांना तळाला भोकच नसतं! हल्ली कॉलेजच्या कार्यक्रमात पाहुण्यांना बुकेऐवजी रोप देतात. कल्पना छानच आहे. फक्त पुढच्या वेळी स्वागत समितीत असाल, तर खरेदी करताना कुंडी एकदा उलटी करून बघा. भोक नसेल, तर सरळ मातीची साधी कुंडी मागा. स्वस्तही पडेल.