दोष खोलीचा, दंड सबवूफरला

सबवूफर या वस्तूवरून आपल्याकडे दोन पंथ पडले आहेत. एक म्हणतो, ही डीजेवाल्यांची आणि हाणामारीच्या सिनेमांची चीज. गाणे ऐकणाऱ्याने ती उंबऱ्याच्या आत घेऊ नये. दुसरा म्हणतो, घ्या, चांगला बारा इंची घ्या, कोपऱ्यात ठेवा, रिसीव्हरबरोबर आलेला माइक सोफ्यावर टाका आणि बटण दाबा. पुढचे यंत्र बघून घेईल. पहिल्या पंथात एलपी जमवणारे जुने रसिक जास्त, दुसऱ्यात नव्या फ्लॅटचा ताबा मिळालेले गृहस्थ आणि त्यांना माल विकणारे दुकानदार. दोघे एकमेकांना तुच्छ लेखतात, पण चूक दोघांची एकच आहे. वाद सगळा खोक्यावर चालतो. ते खोके ज्या खोलीत वाजणार तिचे नाव कोणी काढत नाही.

सोवळ्यातल्या मंडळींचा पूर्वपक्ष आधी घेऊ, कारण तो जास्त प्रामाणिक आहे. आपल्या संगीतात इतके खालचे सूर असतातच कुठे, हा त्यांचा सवाल. उत्तर तानपुऱ्यात आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झला येतो. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. पुस्तकांच्या फळीवर मावणारा पाच इंची वूफरचा स्पीकर नेमका याच सुमारास दमू लागतो, आणि डग्ग्याचा घुमाराही याच मुलखातला. यावर एक रास्त आक्षेप येईल: मूळ स्वर नसला तरी त्याच्या पटीतल्या वरच्या स्वरांवरून मेंदू तो अध्याहृत धरतोच. धरतो, म्हणून तर मोबाइलवरसुद्धा तानपुरा ओळखू येतो. पण तानपुरा ओळखू येणे आणि तो मागे झंकारतो आहे असे वाटणे यांत फरक आहे, आणि हजारो रुपयांची यंत्रणा माणूस त्या फरकासाठीच घेतो.

त्यांचा दुसरा मुद्दा शुद्धतेचा. मूळ ध्वनिमुद्रणाला हात लावायचा नाही. इक्वलायझर म्हणजे भेसळ. एलपीवाल्यांनी हे म्हणावे यात गंमत आहे. १९५४च्या सुमारास रूढ झालेल्या आरआयएए प्रमाणानुसार तबकडी कापतानाच खालचे सूर दाबतात आणि वरचे उचलतात. नाहीतर खर्जाच्या रुंद वळणांनी एक खाच शेजारच्या खाचेत घुसेल. ऐकताना फोनो प्रीॲम्प हे सगळे उलटे करतो आणि २० हर्ट्झला मधल्या सुरांच्या तुलनेत जवळजवळ २० डेसिबलची उचल देतो. ज्या आवाजाच्या शुद्धतेची शपथ घेतली जाते, तो असा इक्वलायझरच्या हातूनच घरात येतो. तेव्हा सुधारणा करावी की नाही, हा प्रश्नच उरत नाही. कुठे करावी आणि कशाने करावी, एवढाच उरतो.

त्यासाठी खोलीत शिरू. मुंबई-पुण्यात सर्रास आढळणारा हॉल घ्या: १६ फूट लांब, १० फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. ध्वनी सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. दोन समोरासमोरच्या भिंतींमधले अंतर ज्या लाटेच्या लांबीच्या बरोबर निम्मे भरते, ती लाट त्या भिंतींमध्ये अडकते आणि परातीतल्या पाण्यासारखी हिंदकळत राहते. कडांना उसळी, मध्यावर जवळपास काहीच नाही. या हॉलच्या लांबीत अशी पहिली लाट ३५ हर्ट्झला सापडते आणि दुसरी तिच्या दुपटीवर, ७०ला. रुंदीतली पहिली ५६.५ला. फरशी आणि स्लॅब यांच्यामधली ५९.५ला. शेवटचे दोन आकडे पुन्हा पाहा. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे दोन लाटा एकाच जागी साचतात, आणि तिथला कोणताही सूर ‘भुम्म’ करून लांबत राहतो. पाहुणे त्यालाच ‘काय बेस आहे!’ म्हणतात.

आता बसण्याची जागा. ७० हर्ट्झची लाट लांबीच्या पाव आणि पाऊण अंतरावर शून्याला जाते. म्हणजे मागच्या भिंतीपासून चार फुटांवर खुर्ची टाकून बसलेल्या यजमानाला काळी एकच्या खर्जाचा मूळ स्वर जवळपास ऐकूच येत नाही, आणि भिंतीला पाठ लावून बसलेल्या त्याच्या मेहुण्याच्या तो अंगावर येतो. त्या रात्री दोघांत सबवूफर चांगला की वाईट असा वाद झाला, तर दोघेही खरेच बोलत असतील. खोलीच्या ऐन मध्यावर बसणाऱ्याला ३५ही नाही आणि ५६ही नाही. अमेरिकन पुस्तकांतले सल्ले वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तिकडच्या बहुतेक घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. त्या थोड्या लवतात आणि खालचा आवाज थोडा खातात. आपल्या विटा आणि काँक्रीट लवत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे या लाटा जास्त तीव्र होतात आणि जास्त वेळ रेंगाळतात.

खोलीच्या या राज्याची वरची सीमा कुठे, याचा अंदाज जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मान्फ्रेड श्रोडर यांच्या सूत्रावरून बांधता येतो. आपल्या हॉलला ती साधारण २०० हर्ट्झच्या आसपास पडते. तिच्या खाली खोलीची हुकमत, वर स्पीकरची. सगळ्या भांडणाची किल्ली या सीमेत आहे.

दुसऱ्या पंथाचे म्हणणे आता तपासू. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो ते कानाला कळत नाही, म्हणून सबवूफर कुठेही ठेवा, असे दुकानदार सांगतो. पहिले वाक्य बहुतांशी खरे आहे. दुसरे त्यातून निघत नाही. कानाला दिशा कळत नसली तरी खोलीला जागा कळते. कोपऱ्यात तिन्ही दिशांच्या लाटांची उसळी कमाल असते, म्हणून तिथला सबवूफर तिन्ही एकदम चेतवतो. दणका मोठा होतो, पण तो या तीन-चार सुरांचाच.

मग बटण. ऑडिसी, डिराक, यामाहाचे वायपाओ ही सगळी साधने माइकने खोलीचा आलेख घेतात आणि उंचवटे कापतात, खड्डे भरतात. कापण्याबद्दल माझे भांडण नाही, उलट शिफारस आहे. खोलीतला उंचवटा हा अनुनाद असतो. त्यावर नेमक्या मापाचा छेद दिला की आवाजाची पातळी उतरते आणि त्याची लांबलेली शेपूटही आखडते. खड्ड्याचे तसे नाही. सरळ आलेली लाट आणि भिंतीवरून परतलेली लाट एकमेकींना मारतात तिथे खड्डा पडतो. आवाज वाढवला तर दोन्ही सारख्याच वाढतात आणि तेवढ्याच नेटाने एकमेकींना मारतात. १२ डेसिबलचा खड्डा भरायला ॲम्प्लिफायरकडून सोळापट शक्ती मागावी लागते; २०० वॅटच्या जागी ३२०० वॅट, आणि खड्डा तिथेच. शहाणी सॉफ्टवेअर या उचलीला मर्यादा घालतात, पण ती काही खड्डा बुजवत नाहीत.

सीमेच्या वर तर बटणाचा हस्तक्षेप बहुधा नुकसानच करतो. कान आधी पोहोचलेला सरळ आवाज आणि मागाहून आलेले परावर्तन यांत भेद करतो. माइक दोन्हींची एकत्र बेरीज करतो. त्या बेरजेवरून चांगल्या स्पीकरला ‘सुधारले’ तर त्याचा मुळातला चांगला आवाज वाकडा होतो. हर्मन कंपनीच्या शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी २००९ साली अशी दुरुस्तीची साधने श्रोत्यांसमोर आडपडद्याने तपासली, तेव्हा काहींना श्रोत्यांनी दुरुस्ती न केलेल्या आवाजापेक्षाही खालचा क्रम दिला. हर्मन स्वतः अशी यंत्रे विकते हे मनात धरूनही या निकालाचे वजन कमी होत नाही.

आणि ज्यांनी भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा दोन इंची फोम चिकटवला आहे त्यांच्यासाठी एकच वाक्य: ६० हर्ट्झच्या लाटेचा चौथा हिस्सा पावणेपाच फूट भरतो, तिला एवढासा थर अडवत नाही.

मग करायचे काय? हर्मनमधल्याच टॉड वेल्टी यांनी २००२मध्ये आणि पुढे ॲलन डेव्हँटियर यांच्यासह २००६मध्ये अनेक सबवूफरांच्या जागांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. चार सबवूफर चार भिंतींच्या मध्यावर, किंवा दोन सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर, या मांडण्या त्यात चांगल्या ठरल्या. आपल्या हॉलमध्ये दोन लावून पाहू: एक टीव्हीखाली मध्यावर, दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर. लांबीतल्या ३५ हर्ट्झच्या लाटेला ते दोन टोकांकडून विरुद्ध ढकलतात, त्यामुळे ती उठत नाही. रुंदीच्या मध्यावर असल्यामुळे ५६.५च्या लाटेच्या ते स्थिर रेषेवर बसतात, म्हणून तीही चेतत नाही. दोन लाटा एक बटणही न दाबता गेल्या, आणि सोफ्यावरच्या प्रत्येकासाठी गेल्या. दणका कमी होतो, हे खरे. पण गेला तो खोलीचा होता, रेकॉर्डिंगचा नव्हता.

स्लॅबची ५९.५ आणि लांबीची ७० मात्र उरतात. ७०साठी सोफा कामाला येतो. मागच्या भिंतीपासून सहा फुटांवर ७०ची लाट शून्यातून बाहेर पडलेली असते. तेवढी जागा नसेल तर सोफा सरळ भिंतीला टेकवा. चार फुटांवर ठेवण्यापेक्षा तेच बरे, कारण भिंतीपाशी उंचवटा असतो आणि उंचवटा कापता येतो. मग उरलेल्या उंचवट्यांसाठी माइक आणि बटण. माइक तिपाईवर, कानाच्या उंचीला; गादीवर किंवा हातात नाही. पंखा आणि एसी बंद. मोजणीनंतर रिसीव्हरने सबवूफरचे अंतर टेपने भरणाऱ्या अंतरापेक्षा चार-सहा फूट जास्त दाखवले, तर ते ‘दुरुस्त’ करू नका. सबवूफरमधल्या फिल्टरांमुळे आवाजाला लागणारा उशीर रिसीव्हर फुटांत सांगत असतो. दुसरा सबवूफर परवडत नसेल त्यांनी एकच सबवूफर तात्पुरता सोफ्यावर चढवावा, बेसचे एखादे आवर्तन लावावे आणि भिंतीकडेने रांगत फिरावे. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, तिथे तो ठेवावा. घरचे हसतील. पण उलट वाटेने गेला तरी ध्वनी तोच राहतो, त्यामुळे ही युक्ती शास्त्राला धरून आहे.

खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा पक्षही मांडायला हवा. मोबाइलवरचे मीटर बहुधा ए-भारित डेसिबल दाखवतात आणि त्या मापात ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबलने कमी धरला जातो. आपला आकडा कायद्यात बसतो आणि त्यांची भांडी वाजतात. साचलेला ५६-६० हर्ट्झचा उंचवटा कापला की स्लॅबमधून उतरणारे धडधडणेही त्या प्रमाणात उतरते, हा सोसायटीच्या सभेत सांगण्याजोगा लाभ आहे.

आता शेवटचा, पैशांचा मुद्दा. काही रिसीव्हरांसाठी डिराकचा परवाना दोन प्रकारांत मिळतो: सगळ्या पट्ट्याचा, आणि फक्त ५०० हर्ट्झपर्यंतचा. स्वस्त असलेला दुसरा घ्या. ऑडिसीच्या सशुल्क मोबाइल ॲपमध्येही दुरुस्तीची वरची मर्यादा स्वतः ठरवता येते. ती श्रोडरच्या सीमेजवळ आणून ठेवा. आणि मोठा सबवूफर घेण्यासाठी साठवलेले पैसे असतील, तर त्यांत दोन मध्यम घ्या.