रंगाला सोडचिठ्ठी देण्याआधी

पेंटॅक्सचा के-3 मार्क थ्री दोन रूपांत आला. एक नेहमीचा, दुसरा एप्रिल 2023 मध्ये जाहीर झालेला, ज्यातून रंगीत फोटो काढायचा म्हटला तरी निघत नाही. बॉडी तीच, माउंट तोच, बटणंही जवळपास तीच. आणि ज्याला काम कमी येतं त्याचीच किंमत जास्त! बाजारात आले तेव्हा अमेरिकेत पहिल्याची किंमत 2,000 डॉलरच्या घरात होती, दुसऱ्याची 2,200 च्या. लायकाचे आकडे तर सांगण्यातही अर्थ नाही. तिथे कॅमेऱ्याच्या पैशांत गावाकडे एखादा गुंठा येतो.

तरीही ‘असा मोनोक्रोम कॅमेरा घ्यावा का’ हा प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो आहे, आणि तो हौशे-नवशे विचारत नाहीत. विचारणारे बहुतेक जण वर्षानुवर्षं कृष्णधवल काम करणारे आहेत. काहींनी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल स्वतःच्या हाताने डेव्हलप केलेला आहे. त्यांना ‘कृष्णधवल म्हणजे काय’ हे शिकवण्याची गरज नाही. त्यांना हवा आहे तो हिशेब: पदरचे पैसे घालून हाती नेमकं काय लागेल, आणि हातचं काय जाईल.

लागतं ते आधी पाहू. सेन्सरचा पिक्सेल मुळात रंगांधळा असतो. उजेड किती पडला एवढंच त्याला कळतं. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर बसवण्याची मांडणी शोधली. तिचं पेटंट 1976 चं. निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. म्हणजे प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो आणि बाकीचे दोन कॅमेरा शेजाऱ्यांना विचारून भरतो. आज आपण कृष्णधवल म्हणून जी फाइल छापतो ती बहुधा अशी आधी रंगीत झालेली आणि मग रंग उतरवलेली असते. मोनोक्रोम कॅमेऱ्यात हा फिल्टरचा थरच नसतो. जितके पिक्सेल तितकी मोजमापं. अंदाजपंचे काही नाही.

थर गेला की उजेडही वाढतो. किती, हे बेस आयएसओच्या आकड्यांत दिसतं. लायका एम9 चा 160, त्याच सेन्सरच्या कुळातल्या 2012 च्या एम मोनोक्रोमचा 320. एम11 चा 64, एम11 मोनोक्रोमचा 125. पेंटॅक्सच्या जोडीत 100 आणि 200. तिन्ही ठिकाणी फरक एक स्टॉपचा. वर अंधारातला नॉइज रंगीत ठिपक्यांचा नसतो, फिल्मच्या ग्रेनसारखा बारीक आणि एकजीव असतो. तपशीलही वाढतो, पण त्याचा बाऊ करू नये. 12 बाय 18 इंचाच्या प्रिंटमध्ये दोन्हींतला फरक आम्ही पैज लावून ओळखू, असं म्हणणार नाही. 24 बाय 36 ला कापडाचा पोत, दाढीचे खुंट, पत्र्यावरचा गंज यांत तो दिसतो.

आता एक स्टॉपसाठी कुणी एवढा खर्च करावा का? आजच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यांचे सेन्सर पाहता सरसकट उत्तर ‘नाही’ असंच येईल. पण काही कामं अशी आहेत की तिथे फायदा एका स्टॉपच्या पुष्कळ पुढे जातो. रंगमंचाचं घ्या. गेल्या दहा-पंधरा वर्षांत नाट्यगृहांत आणि संगीत महोत्सवांत हॅलोजनच्या जागी एलईडी पार आले. प्रकाशयोजनाकार एका बोटाने सगळा मंच गडद निळा करतो. त्या निळ्यात बायर सेन्सरचे फक्त निळे पिक्सेल, म्हणजे पाव हिस्सा, पोटभर जेवतात. हिरव्यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं आणि लाल जवळजवळ उपाशी राहतात. गायिकेचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो, कपाळावरची कुंकवाची कड विरघळते. लाल झोतात याच्या उलट: लाल चॅनेल ओसंडून वाहतो आणि गालाचा, नाकाचा सगळा उतार एका सपाट डागात जातो, कॅमेऱ्याचा मीटर मात्र ‘सगळं ठीक’ म्हणत असतो. नंतर संगणकावर ते कृष्णधवल करून सारवासारव करता येते, पण मुळात जे टिपलंच गेलं नाही ते येणार कुठून? मोनोक्रोम सेन्सरला झोत निळा की लाल याचं सोयरसुतक नसतं. त्याचे सगळे पिक्सेल कामाला लागतात. नाटक, नृत्य, मैफल हेच ज्यांचं मुख्य काम आहे आणि जे प्रदर्शनासाठी किंवा पुस्तकासाठी कृष्णधवलच छापतात, त्यांच्याबाबत आमचं मत बरंचसं ‘घ्या’ या बाजूचं आहे. खगोलछायाचित्रण करणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको. हायड्रोजन-अल्फाच्या 656 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात बायरचे तीनचतुर्थांश पिक्सेल जवळपास रिकामे बसतात, म्हणून ती मंडळी केव्हाच मोनो सेन्सर आणि फिल्टर-व्हीलकडे वळली.

दुसरी गोष्ट फिल्टरची, आणि आमच्या मते खरा निर्णय इथेच होतो. जेजुरीच्या सोमवतीला पायऱ्यांवर भंडारा उधळला जातो. निरभ्र निळ्या आकाशासमोर पिवळी भुकटी डोळ्यांना झगझगीत दिसते. पण निळं आकाशही उजळ आणि पिवळा भंडाराही उजळ, त्यामुळे फिल्टरशिवाय कृष्णधवलमध्ये दोन्हींची छटा जवळजवळ एकच होते आणि हवेत उडालेला ढग आकाशात जिरून जातो. रंगीत रॉ फाइल असेल तर संगणकावर पिवळा वर, निळा खाली ओढता येतो. करून पाहा. आकाश गडद होईल खरं, पण त्यात खवले उठतील, आणि भुकटीच्या कणांभोवती पांढरट कड येईल, कारण इतक्या बारीक कणाला कोणता रंग द्यायचा हे कॅमेऱ्याने शेजारपाजारच्या अंदाजानेच ठरवलेलं असतं. मोनोक्रोम कॅमेऱ्यावर नारिंगी फिल्टर लावून तोच फोटो घेतला तर आकाश सलग गडद उतरतं आणि त्यावर भंडाऱ्याचा कण न् कण सुटा. उत्साहाच्या भरात निळा फिल्टर लावलात तर खंडोबाच्या पायरीवर कोळशाची भुकटी उडेल, हेही लक्षात असू द्या! आणि आभाळ पांढुरकं, ढगाळ असेल तर कुठलाच फिल्टर कामाला येणार नाही.

म्हणजे फायदा आहे, पण तो आयता नाही. फिल्टर लावायची वेळ शटर दाबण्याआधी येते. नंतर सगळी दारं बंद. लाल काठाची हिरवीगार साडी नेसलेली बाई उभी केलीत आणि फिल्टर लावला नाहीत, तर काठ आणि साडी एकाच राखाडीत बुडण्याचा संभव मोठा. रंगीत फाइलमध्ये ती चूक अर्ध्या मिनिटात सुधारते, मोनोक्रोम फाइलमध्ये कधीच नाही. शिवाय फिल्टर फुकट बसत नाही: पिवळा साधारण एक स्टॉप खातो, नारिंगी दोनाच्या जवळ, गडद लाल तीनेक. जो एक स्टॉप मिळवण्यासाठी कॅमेरा घेतला तो पहिल्याच फिल्टरने परत घेतला, असा हा व्यवहार आहे.

हायलाइटचं दुखणं वेगळंच. फिल्मवर वाढलेल्यांच्या अंगात ‘एक्सपोजर शॅडोसाठी, डेव्हलपिंग हायलाइटसाठी’ हे भिनलेलं असतं. निगेटिव्ह थोडी जास्त उजळली तरी सांभाळून घ्यायची. मोनोक्रोम सेन्सर सांभाळून घेत नाही. बायर सेन्सरमध्ये एक चॅनेल उडाला तरी दुसरा बहुधा शिल्लक असतो आणि सॉफ्टवेअर त्याच्या आधाराने काहीतरी उभं करतं. इथे सगळ्या पिक्सेलना एकच नियम, त्यामुळे उडाले की एकदम उडाले. आषाढात ढगांतून अचानक ऊन पडतं तेव्हा वारकऱ्याच्या धोतराच्या निऱ्या, टोपीची घडी, सगळं कोऱ्या कागदासारखं पांढरं होतं. उपाय एकच: हायलाइट धरून मुद्दाम कमी एक्सपोजर द्यायचं आणि शॅडो नंतर उचलायच्या. त्या उचलल्या तरी स्वच्छ राहतात, हे या सेन्सरचं मोठेपण. पण वर्षानुवर्षांची सवय उलटी फिरवायची तर पहिले काही महिने हात भाजणार.

आणखी एक गंमत जाहिरातींत कुणी सांगत नाही. ‘या कॅमेऱ्यामुळे तुम्ही कृष्णधवल पाहायला शिकता’ असं मोठ्या भक्तिभावाने म्हटलं जातं. पेंटॅक्सचा हा कॅमेरा डीएसएलआर आहे आणि लायकाचे एम मालिकेतले मोनोक्रोम कॅमेरे रेंजफाइंडर. दोन्हींच्या व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा लावला की जग दिसतं ते रंगीतच! उलट तुमच्या हातातल्या साध्या मिररलेस कॅमेऱ्यात पिक्चर प्रोफाइल मोनोक्रोम केलं की फाइंडरमध्येच कृष्णधवल चित्र उभं राहतं आणि रॉ फाइलमध्ये रंगही शाबूत राहतात. पाहायलाच शिकायचं असेल तर त्याला दमडी लागत नाही. 2020 च्या लायका क्यू2 मोनोक्रोमसारख्या इलेक्ट्रॉनिक फाइंडरच्या कॅमेऱ्यात दोन्ही जमून येतं, पण तिथे लेन्स कायमची एकच, 28 मिलिमीटर.

‘मोठे लोक काय वापरतात’ हा प्रश्नही हटकून येतो. सेबास्तियाओ साल्गादो ‘जेनेसिस’ करताना 2008 च्या सुमारास फिल्मवरून डिजिटलवर आले ते कॅननच्या साध्या रंगीत सेन्सरच्या कॅमेऱ्याने. त्या फाइलींतून कृष्णधवल काढलं, कॉन्टॅक्ट शीट छापून निवड केली, आणि त्यांच्या छटांबद्दल कुणी तक्रार केल्याचं आमच्या ऐकिवात नाही. दुसऱ्या टोकाला रघुबीर सिंह. 1998 च्या ‘रिव्हर ऑफ कलर’मध्ये त्यांनी आग्रहाने मांडलं की भारतीय नजर मुळातच रंगाची आहे आणि पाश्चात्त्य कृष्णधवलातली उदासी आपली नव्हे. आम्हाला हे पूर्ण पटलेलं नाही. सुनील जानांची दुष्काळाची छायाचित्रं पाहिलेल्या कुणाला ते पटेल असं वाटत नाही. पण कायमचा रंग सोडायला निघालेल्याने हा युक्तिवाद एकदा तरी अंगावर घ्यावा. आपण रंग टाळतो आहोत तो तो नको म्हणून, की तो हाताळता येत नाही म्हणून? दुसरं उत्तर असेल तर नव्या सेन्सरने काही साधणार नाही.

स्पर्धांत उतरणाऱ्या वाचकांसाठी सरळ सांगतो. फियापच्या व्याख्येत मोनोक्रोम म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटांचं, किंवा पूर्णपणे एकाच रंगात टोन केलेलं चित्र. ते कुठल्या सेन्सरवर टिपलं याच्याशी सॅलॉनच्या परीक्षकांना देणंघेणं नाही. लग्नाचं काम करणाऱ्यांनी या फंदात पडूच नये. शालूचा रंग नाही म्हटल्यावर वधूची आई काय म्हणेल ते आम्ही छापू शकत नाही.

बाकीच्यांनी आधी स्वतःची हार्ड डिस्क उघडावी. गेल्या दोन वर्षांत छापलेल्या, विकलेल्या, भिंतीवर लावलेल्या कामांपैकी बहुतेक कृष्णधवल आहे का? आणि ते करताना रंगांचे स्लायडर किती ओढले? जे सरळ रंग उतरवून फक्त कॉन्ट्रास्ट सांभाळतात त्यांना मोनोक्रोम कॅमेरा लगेच मानवेल. जे दर फोटोला निळा, पिवळा, लाल खालीवर करतात त्यांचा अर्धा हात त्या स्लायडरमध्ये आहे. तो कापून देण्याआधी त्यांनी आहे त्या कॅमेऱ्यावर एक पिवळा आणि एक नारिंगी काचेचा फिल्टर लावून हिवाळाभर काम करावं, आणि घरी येऊन स्लायडरला हात लावू नये. बायर सेन्सरवर याचा निकाल तितका सुरेख येणार नाही, पण फिल्टर कुठला आणि केव्हा हे मनात पक्कं होतं की नाही, ते कळेल. फिल्टर सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचे घ्यावेत आणि लहान लेन्सना स्टेप-अप रिंग लावावी, म्हणजे तेच पुढच्या कॅमेऱ्यालाही चालतात.

पैसे जेमतेम असतील तर आमचा कौल प्रिंटरला. चांगल्या फोटो-प्रिंटरमध्ये काळ्यासोबत करड्याच्या एक-दोन स्वतंत्र शाया असतात. त्या असल्या की करड्या छटांत हिरवट-जांभळट झाक येत नाही. त्याच्या जोडीला बरायटा कागद आणि कॅलिब्रेट केलेला मॉनिटर. यातलं काहीही नसताना मोनोक्रोम कॅमेऱ्याच्या त्या सुंदर मधल्या छटा फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहायच्या, हे आम्हाला तरी पटत नाही.

जुना कॅमेरा घेणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. 2012 चा लायका एम मोनोक्रोम 18 मेगापिक्सेलच्या सीसीडीमुळे आजही मागितला जातो आणि अधूनमधून विक्रीला येतो. त्या पिढीच्या सेन्सरवरची संरक्षक काच कालांतराने गंजते; कंपनीने हा दोष मान्य करून बरीच वर्षं सेन्सर बदलून दिले, पण आता ते सेन्सरच मिळत नाहीत. सौदा ठरवण्याआधी एफ-16 ला निरभ्र आकाशाचा फोटो घ्यावा आणि तो शंभर टक्क्यांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहावा. धुळीचा ठिपका पुसला की जातो. ज्या ठिपक्याभोवती फिकट कडं दिसतं आणि जो पुसून जात नाही, तो गंज. विकणारा ‘सेन्सर बदललेला आहे’ म्हणाला तर बदलल्याचा कागद मागावा, आणि कागद नसेल तर किंमत कितीही खाली आली तरी कॅमेरा घेऊ नये.