चिठ्ठी कोणाच्या हाती?

१/ मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग पाचोऱ्यावरून जातो. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने तो खानदेशात आणला आणि त्यासोबत साहेबही आले. कोणी अभियंता होता, कोणी गाडीचालक, तर कोणी अजिंठ्याची लेणी पाहावयास निघालेला प्रवासी. भुसावळला तर रेल्वेची मोठी वसाहतच वसली. आजचा धागा त्या साहेबांविषयी नाही. त्यांच्या घरांत राबणाऱ्या माणसांविषयी तो आहे, आणि शेवटी तो आपल्याच दाराशी येऊन थांबतो.

२/ परमुलखात राहणाऱ्याला घर चालवण्यासाठी तिथलीच माणसे लागतात. स्वदेशी एखाद्या मोलकरणीवर भागवणारे कुटुंब इथे आले की खानसामा, हमाल, भिस्ती, धोबी, माळी, आया असा लवाजमा बाळगी. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी १८८८ मध्ये नवख्या मडमांसाठी गृहव्यवस्थेचे एक इंग्रजी पुस्तक लिहिले. प्रत्येक नोकराचे काम कोणते आणि त्याच्यावर हुकमत कशी ठेवावी, याचे धडे त्यात आहेत.

३/ नोकर पारखायचा कसा? त्याच्याजवळच्या चिठ्ठीवरून. आधीचा मालक त्याच्या वर्तनाविषयी चार ओळी लिहून देई. इंग्रजीतला ‘चिट’ हा शब्द आपल्या ‘चिठ्ठी’वरूनच गेला. ज्याचे पोट त्या कागदावर अवलंबून, त्यालाच बहुधा तो वाचता येत नसे. आपली निंदा केलेली चिठ्ठी अभिमानाने पुढे करणाऱ्या नोकराचे किस्से साहेबलोक चवीने सांगत. त्या हास्यातली क्रूरता ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

४/ या लवाजम्यातील आया ही सर्वांत निराळी. ‘आया’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबई ते विलायत हा प्रवास आवाक्यात आला आणि मुले सांभाळण्यासाठी आयेला बोटीवर बरोबर नेण्याची चाल वाढली. आता भूमिका पालटल्या. परदेशात साहेब नव्हता. परदेशात ती होती.

५/ भारतात साहेबाचे घर सोडले तर आयेला दुसरे दार ठोठावता येई. लंडनमध्ये तिला ना भाषा येत होती, ना तिथे कोणी आप्त होते. परतीचे तिकीट मालकाने काढले, तरच मायदेश. कंपनीच्या काळात नोकर विलायतेस नेणाऱ्याकडून अनामत रक्कम घेण्याची पद्धत होती. पुढे ती मागे पडली आणि आयेचे परतणे बव्हंशी मालकाच्या सचोटीवर येऊन ठेपले.

६/ सगळे मालक सचोटीचे नव्हते. १९०८ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर एका भारतीय आयेच्या हाती एक पौंड ठेवून तिला सोडून देण्यात आले. सातासमुद्रापार नेलेल्या बाईचा हिशेब एका नाण्यात मिटला.

७/ अशा स्त्रियांसाठी लंडनमध्ये ‘आयांचे गृह’ होते. १९०० पासून ते हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर लंडन सिटी मिशनच्या देखरेखीखाली चाले. दरवर्षी शंभरावर आया तिथे राहत. भारताकडे निघालेल्या एखाद्या कुटुंबाशी गाठ घालून देऊन त्यांच्या परतीची सोय केली जाई. धर्मप्रसाराचा हेतूही त्यात होताच. २०२२ मध्ये त्या वास्तूवर निळी स्मृतिपट्टिका लागली.

८/ या स्त्रियांना केवळ दीनवाण्या समजणेही अन्यायाचे होईल. अँटनी परेरा या नावाने नोंदलेल्या एका आयेने भारत-इंग्लंड ही सागरी वाट ५४ वेळा पार केल्याची नोंद आहे. वादळात, उलट्यांत, रडत्या मुलांत तीन-तीन आठवडे काढणे ही कौशल्याची नोकरी होती. तरीही जहाजांच्या प्रवासी-याद्या चाळल्या, तर साहेब-मडमेचे नाव पूर्ण आढळते आणि पुढे नुसते ‘आणि आया’. साहेबांच्या आठवणींत तिच्या मायेचे वर्णन भरभरून असते. नाव मात्र नसते.

९/ इथे खानदेशातल्या वाचकाला सालदार आठवेल. आखाजीला त्याचे साल ठरे. धान्य किती, रोकड किती, हे चारचौघांत बोलले जाई. ती व्यवस्था न्याय्य होती असे मी म्हणत नाही. उचलीच्या ओझ्याखाली कित्येक पिढ्या वाकल्या. परंतु सालदाराभोवती त्याचे गाव असे, भाषा असे, साक्षीदार असत. परदेशी नेलेल्या घरकामगाराचे हे तिन्ही आधार एकदम सुटतात. वेतन कमी असणे हा तिचा एक प्रश्न झाला. त्याहून मोठा प्रश्न साक्षीदार नसण्याचा आहे.

१०/ आता आपल्या काळात येऊ. १२ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमधील भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. त्या महाराष्ट्राच्या. आरोप असा होता, की भारतातून नेलेल्या घरकामगार स्त्रीच्या व्हिसासाठी ताशी ९.७५ डॉलर वेतनाचा करार दाखवला गेला, आणि प्रत्यक्षात दरमहा ३०,००० रुपयांचा दुसरा करार झाला होता. खोब्रागडे यांनी आरोप नाकारले. मार्च २०१४ मध्ये न्यायालयाने राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर आरोपपत्र रद्द केले. लगेच नवे दाखल झाले. मूळ आरोपांची शहानिशा खटल्यात कधी झालीच नाही.

११/ म्हणून दोषी कोण, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. माझा आक्षेप आपल्या चर्चेवर आहे. अटकेच्या वेळी झालेल्या अंगझडतीने देश संतापला, आणि तो संताप अकारण नव्हता. परंतु आठवडेच्या आठवडे आपण राष्ट्राच्या मानापमानाविषयी बोलत राहिलो. दोन करारांच्या मधोमध उभी असलेली ती स्त्री आपल्या बोलण्यात कितीशी आली? जहाजाच्या यादीतले ‘आणि आया’ इथे पुन्हा दिसते. फरक इतकाच, की या वेळी यादी लिहिणारे आपण होतो.

१२/ यावर ठरलेले उत्तर येते: ‘आम्ही तिला घरच्यासारखेच वागवतो.’ ते बहुधा खरेही असते. आपण कामाच्या बाईंना मावशी म्हणतो, त्यात आपुलकी असते. पण साहेबांच्या मुलांचेही आपापल्या आयांवर प्रेम होतेच. प्रेम आणि अन्याय एकाच छपराखाली सुखाने नांदू शकतात, हे आयांचा इतिहास सांगतो. मावशीला सुट्टी मागण्याचा संकोच वाटतो. कराराला वाटत नाही.

१३/ दुसरे उत्तर असे: ‘गावी मिळाले असते त्याच्या कितीतरी पट आम्ही देतो.’ साहेबही हेच म्हणत. श्रम ज्या देशात होतात, तिथल्या भावाने ते मोजले जावेत. नाहीतर भाकरी तिथल्या दराने विकत घेणारा मालक घाम मात्र इथल्या दराने विकत घेतो.

१४/ कायदे आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला. भारताने बाजूने मत दिले, पण अनुमोदन अद्याप दिलेले नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्याची सीमा राज्यापुरती. ब्रिटनने २०१२ मध्ये परदेशी घरकामगाराचा व्हिसा एकाच मालकाशी बांधला आणि २०१६ मध्ये ती गाठ थोडी सैल केली. एका मालकाशी बांधलेला व्हिसा आणि मालकाच्या खिशातले परतीचे तिकीट, यांत फारसे अंतर नाही.

१५/ पाचोऱ्याच्या फलाटावरून आज मुंबईचे विमानतळ गाठणारी मुले परदेशांत घरे मांडत आहेत. बाळ झाले की ‘ओळखीतली एखादी बाई मिळेल का?’ असा निरोप गावाकडे येतो. गरज खरी आहे. मदत घेण्यात कमीपणा नाही. मात्र इतिहासाची आवड असलेल्या आपल्यासारख्यांनी तो निरोप पुढे धाडण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. करार तिला वाचता येईल अशा भाषेत आहे का? पारपत्र तिच्याजवळ राहील का? परतीचे तिकीट कोणाच्या नावे, कोणाच्या हाती? अडचणीत ती घराबाहेरच्या कोणाला दूरध्वनी करील?

१६/ पूर्वीची चिठ्ठी मालकाच्या भाषेत, मालकाच्या अक्षरात असे आणि तिच्यात नोकराची पारख असे. आपल्या हातून लिहिली जाणारी चिठ्ठी तिच्या भाषेत असावी, तिच्या पेटीत राहावी आणि तिच्यात मालकाची जबाबदारी लिहिलेली असावी. आणि हो, वरती तिचे पूर्ण नाव असावे.