देव नको, देणारा हवा

दसऱ्याच्या दिवशी नागपुरात दोन प्रकारची देवाणघेवाण चालते. संध्याकाळी लोक आपट्याची पाने घेऊन एकमेकांच्या घरी जातात, थोरांच्या हातात पाने ठेवून वाकतात, लहानांच्या हातावर काहीतरी गोड पडते. आणि त्याच दिवशी दीक्षाभूमीच्या भोवतालचे रस्ते माणसांनी फुललेले असतात; परतणाऱ्याच्या पिशवीत हमखास एखादे तरी पुस्तक असते. आमच्यासारखी घरे या दोन्हींच्या मध्ये राहतात. सकाळी दीक्षाभूमी, संध्याकाळी दारात शेजारचे काका आपट्याची पाने घेऊन उभे. पान घ्यायचे की नाही? माझ्या ओळखीत घेणारेही आहेत आणि हात जोडून नाही म्हणणारेही. मी घेतो. पानावर कुणाचे चित्र नसते.

चित्र असलेल्या वस्तूंचा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटत नाही. ज्याने एक धर्म सोडला आहे त्याला त्याच धर्मातली वस्तू भेट म्हणून द्यावी का, आणि दिली तर त्याने तिचे काय करावे, याविषयी चारचौघांत फारसे बोलले जात नाही. आमच्या घरात मात्र सत्तर वर्षे होत आली, बोलणे चालू आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग ती लाखो अनुयायांना दिली. त्यांनी लोकांकडून वदवून घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतल्या पहिल्या तीन सरळ देवांविषयीच आहेत. ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती, सगळ्यांचा त्यात नावानिशी निरोप घेतलेला आहे. माझी माय तेव्हा सोळा वर्षांची, नवी सून. पांढरे लुगडे नेसून सासू-सासऱ्यांबरोबर कामठीहून आली होती. परतल्यावर आजीने देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधले आणि कन्हानच्या पात्रात सोडले.

त्यात चांदीचे चार टाक होते. माझे वडील तेव्हा विड्या वळत. ते म्हणाले, देव आता देव राहिले नाहीत ना, मग चांदी ही चांदीच आहे, सराफाकडे मोडून येऊ. आजीने ऐकले नाही. काल ज्याला हात जोडले त्याला आज तराजूत घालणार नाही, असे तिचे म्हणणे. पुढे मी सदतीस वर्षे बँकेत काढली. सोनेतारणाच्या कर्जासाठी कितीतरी गणपती, साईबाबा आणि ओम माझ्यासमोर तराजूत पडले. पारख करणारा सराफ खडे आणि मीना वजनातून वजा करतो, देवाचे म्हणून वेगळे वजन धरत नाही. वडिलांचा हिशेब सराफाचा होता. पण मला दर वेळी आठवे ती आजी.

तुम्ही म्हणाल, एका मूर्तीचे, एका तसबिरीचे एवढे काय? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या आणि नंतरच्या छापखान्यांनी लक्ष्मी-सरस्वती गोरगरिबांच्या भिंतीपर्यंत नेल्या. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरात शिरण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पण बाजारात पैसे मोजून रामाची तसबीर घ्यायला कुणाची आडकाठी नव्हती. देवळाने ज्यांना दाराबाहेर ठेवले त्यांना देव भेटला तो दुकानदाराकडून. म्हणजे आमच्या लोकांनी भिंतीवरून जे उतरवले ते नुसते कागद नव्हते. देवाशी असलेला तेवढाच एक संबंध होता, आणि तो त्यांनी आपल्या हाताने तोडला.

हे ज्यांच्या घरात घडले त्यांच्या हाती पुन्हा तीच वस्तू रंगीत कागदात गुंडाळून येते. दिवाळीत लक्ष्मी-गणेशाचे चांदीचे नाणे येते, वास्तूला बासरीवाला कृष्ण येतो. बँकेत दरवर्षी कॅलेंडरे वाटायचे काम असे. देवाचे चित्र असलेल्या कॅलेंडरांना मागणी मोठी, कारण वर्ष संपले की चित्र कापून त्याला चौकट करता येते. शाखेत सत्यनारायण होई, त्याची वर्गणी माझ्याही नावावर पडे. मी २०१९ साली निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि फूटभर उंचीचा चांदीच्या मुलाम्याचा गणपती मिळाला. ज्यांनी दिला ते माझे मित्र होते आणि आहेत. त्यांतल्या निम्म्यांनी माझ्या घरी जेवताना समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब पाहिले होते. मायने गणपतीकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "आता याले कुठी ठेवू?"

खरेच, कुठे ठेवणार? पुजायचा नाही. कपाटात कोंबावा तर देणाऱ्याचा अपमान, फेकावा तर त्याच्या श्रद्धेचा. शोभेच्या कपाटात ठेवावा तर येणारा भाऊबंद विचारतो, काय हो, परत फिरलात का? माझ्या परिचयातले एक शिक्षक अशी भेट तिथल्या तिथे नम्रपणे परत करत. त्यांचे दोन-तीन स्नेही त्यातून कायमचे दुरावले. दुसऱ्या एका घरात असे गणपती कलावस्तू म्हणून रांगेने मांडलेले आहेत, आणि त्या घरातल्या तरुण मुलाला ते मुळीच पटत नाही. आमचा गणपती गल्लीतल्या चौकीदाराने चतुर्थीच्या आधी आनंदाने नेला. पण अवघडलेपण सोसायचे, मार्ग शोधायचा, कुणाचे मन दुखू द्यायचे नाही, ही सगळी कामे घेणाऱ्याकडे आली. "अहो, वस्तूच तर आहे," असे देणारा म्हणतो. नुसती वस्तूच असेल तर भिंतीवरचे घड्याळ द्या, पेन द्या. आणि नुसती वस्तू नसेल, तर आधी विचारा.

काही मित्र आता विचारपूर्वक देतात, हेही सांगितले पाहिजे. "तुमचा देव आणला आहे," म्हणून एकाने कौतुकाने लाफिंग बुद्धा आणून दिला. पोट सुटलेला, पोतडी घेतलेला तो हसरा गृहस्थ गौतम बुद्ध नव्हे. तो बुदाई नावाचा चिनी भिक्खू, आणि बाजाराने त्याला घरात पैसा आणण्याच्या कामाला लावले आहे. ज्या माणसाने इच्छेच्या ओढीत दुःखाचे मूळ दाखवले त्याच्या नावावर धनलाभाचे यंत्र खपते, याचे मला हसूच आले. मित्रावर मात्र राग आला नाही. त्याने निदान मी कोण आहे याचा विचार केला होता.

दूरदेशीही हा पेच आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात मॉर्मन पंथाची मोठी वस्ती आहे. त्यांच्या चर्चच्या मालकीचे डेझरेट बुक हे दुकान १८६६ पासून चालत आलेले. तिथे पंथाची पुस्तके मिळतात, मंदिरांची चित्रे मिळतात, मुलांनी योग्य तेच निवडावे याची आठवण देणाऱ्या ढालीच्या आकाराच्या अंगठ्याही मिळतात. पंथ सोडलेल्या मुलाला आईबाप नाताळात तिथलीच वस्तू देतात, आणि घेणाऱ्याला त्या कागदाच्या गुंडाळीत "परत ये" ही हाक ऐकू येते. म्हणजे पुस्तक दिले की प्रश्न मिटला असेही नाही. पुस्तकसुद्धा गळ असू शकते. पण तिथे देणाऱ्याला तुम्ही गेल्याचे पक्के ठाऊक असते, आणि त्याला ते लागलेले असते. आपल्याकडे देणाऱ्याला तुम्ही गेलात याची आठवणच नसते. एवढ्या लाखांनी घर सोडले आणि शेजाऱ्याच्या लेखी काही घडलेच नाही! या दोन्हींत मला विसरणेच अधिक बोचते.

हे सगळे म्हणताना आपल्याही बाजाराकडे पाहिले पाहिजे. दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढची गर्दी पाहून ऊर भरून येतो. वसंत मून यांनी संपादनाला वाहून घेतलेल्या, १९७९ पासून सरकारने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या जाडजूड खंडांसाठी खेड्यातला माणूस रांगेत उभा राहतो. "एक वही, एक पेन" आणा असे सांगणारी तरुण मुले भेटतात. पण शेजारीच लॉकेटे, किल्ल्यांची कडी, दिवे लुकलुकणारी घड्याळे, आणि अलीकडे अमुक दिशेला ठेवला की शांती देणारा बुद्धही मिळतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविषयी जो इशारा दिला, तो अशा वेळी आठवतो. दिशा बघून बुद्ध ठेवायचा असेल तर आजीने कन्हानपर्यंत चालत जाण्याचे काय कारण होते?

तरीही सगळ्या वस्तूंना एकाच मापाने मोजणे मला जमत नाही. मायने जुन्या देव्हाऱ्याच्याच कोनाड्यात पितळेचा छोटा बुद्ध ठेवला आहे. संध्याकाळी ती मेणबत्ती लावते. घरातली शिकलेली पोरे म्हणतात, आजी, ही तर पूजाच झाली. ती म्हणते, मी काही मागत नाही. या उत्तरावर मी अजून तरी वाद घातलेला नाही.

सध्या घरात दुसराच विषय आहे. माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचे लग्न ठरले आहे. मुलगा हिंदू घरातला, दोघांनी आपापले ठरवलेले, दोन्ही घरे राजी. लग्नपत्रिकेवर कुणाचेच चित्र नको, इथपर्यंत एकमत झाले. मग अडले अन्नपूर्णेवर. त्यांच्याकडे नवरीची आई मुलीला अन्नपूर्णेची मूर्ती देते, गौरीहरापाशी नवरी तिची पूजा करते आणि ती घेऊन सासरी जाते. भावजय म्हणाली, बाकी काय म्हणाल ते देऊ, मूर्ती आमच्या हातून दिली जाणार नाही. विहीणबाई शहाण्या. त्या रागावल्या नाहीत, आग्रहही केला नाही. दुसऱ्या दिवशी एकट्याच घरी आल्या आणि विचारले, मग तुम्ही काय द्याल? आणि मी तिला काय दिले तर ती आनंदाने ठेवील?

इतक्या वर्षांत हे आम्हाला कुणी विचारले नव्हते. त्यामुळे उत्तर कुणाजवळच तयार नव्हते. सगळे एकमेकांकडे बघत बसले. पंच्याऐंशी ओलांडलेली माय कोपऱ्यातून म्हणाली, "अन्नपूर्णेच्या हाती काय रायते? पळी रायते. मंग पळीच द्या ना पोरीले. देवी राहू द्या तिच्या घरी."

इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानातून पितळेची जाडजूड पळी आणली आहे. तिच्यावर नाव घालायचे आहे. ते आईचे घालावे, मुलीचे की विहीणबाईंचेही, यावर अजून एकमत झालेले नाही.