पुरावा आमच्या मायबहिणींचा, तपासणी कुणाच्या वाट्याला?



कापसाची खरेदी वेळेवर सुरू व्हावी, ज्वारीला उत्पादन खर्चावर आधारित भाव मिळावा, या मागण्या मेळाव्यात होतीलच. त्यांच्याच रांगेत आणखी एक मागणी बसवावी, असे माझे म्हणणे आहे. ती दयेची नाही, येणे वसूल करण्याची आहे. हे येणे आपल्या कोरडवाहू मुलखातल्या बायकांचे आहे.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर हा आजार नवा नाही. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे देशात वर्षाला सव्वा लाखाहून जास्त बायकांना तो होतो आणि सुमारे ऐंशी हजार मरतात. खरी चीड यायला हवी ती पुढच्या गोष्टीची. हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरात शिरून टिकून राहिला, तर त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-वीस वर्षे लागतात. कपाशीच्या बोंडाचेच पाहा. बोंड बाहेरून हिरवेगार आणि आत गुलाबी अळी. कापूस वेचायला गेल्यावर नुकसान कळून काय उपयोग? म्हणून आपण आधीच कामगंध सापळे लावतो. या आजारालाही तसा सापळा आहे. तिशीनंतर तपासणी केली तर कॅन्सर होण्याआधीचा बिघाड सापडतो. तेवढा भाग गोठवून किंवा शेकून काढता येतो. काम काही मिनिटांचे, आणि बहुतेक वेळा पिशवी काढावी लागत नाही.

हे जगाला कुणी सिद्ध करून दिले? आपल्याच बायकांनी. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून मोठा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. गावांचे ५२ गट पाडले. त्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांचे चार भाग केले. एका भागात एचपीव्ही तपासणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागात तपासणी नाही, नेहमीची व्यवस्था तेवढी.

निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीच्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ बायका गेल्या. तपासणी नसलेल्या गटात ६४ गेल्या, आणि तो गट तर संख्येने थोडा लहानच होता. मृत्यू निम्म्यावर आले. बायका तपासणीला येतच नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी आणखी एक आकडा ऐकावा. एचपीव्ही गटातल्या दर पाच बायकांतल्या जवळपास चार जणी आल्या होत्या. तपासणी दारापर्यंत नेली, की बाई येते.

चौथ्या गटाला तपासणीविना ठेवले, यावर पुढे देशात आणि बाहेरही टीका झाली. ती व्हायलाच हवी होती. पण त्याहून मोठा प्रश्न आज आपण विचारला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही तपासणीच करा असे साऱ्या देशांना सांगते, त्यामागच्या मोठ्या पुराव्यांत एक हा आहे. ज्यांनी तो दिला, त्यांच्या लेकीसुनांना काय मिळाले? २०१६ साली केंद्र सरकारने कागद काढला की ३० ते ६५ वयाच्या बाईची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी. पुढे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले, की देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती. आकडा १.९ टक्के. रान आपले, पेरा आपला, आणि रास दुसऱ्याच्या खळ्यावर. ही गोष्ट शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

आता कोल्हापूरकडे बघा. दसरा-दिवाळी झाली की बीड, धाराशिव, जतकडची कोरडवाहू माणसे कोयता घेऊन इथल्या उसात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात, रात्री कोपीत. बाईने दवाखान्यासाठी एक दिवस काढला तर खाडा पडतो आणि उचलीतून पैसे कापले जातात. गावाकडच्या आशाताईच्या यादीत तिचे नाव असते, पण ती गावात नसते. इथे ती असते, पण यादीत नसते. पांढरे जाते, मधेच रक्त दिसते, कंबर धरते, ती अंगावर काढते. शेवटी दवाखान्यात पोचते तेव्हा आजार पुढे गेलेला असतो. सरकारी योजनेत उपचार मोफत असला, तरी फेऱ्यांचे भाडे आणि बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही. म्हणजे पुन्हा सावकार.

जिथे तपासणी नसते, तिथे भीती विकली जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आले, की पाहणी केलेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल, असे आपल्याला सांगितले गेले, हे अनेकींनी बोलून दाखवले. साधी तपासणी हाताशी असती, तर किती जणींना कर्ज काढून पोट फाडून घ्यावे लागले असते?

लाजेबद्दलही स्पष्ट बोलू. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, म्हणून घरात कुजबुज होते. पण संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी भेटतोच, आणि बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो. यात बाईच्या चारित्र्याचा संबंध नाही. विषाणू पुरुषही वाहतो, भोगते मात्र बाई. शिवाय एचपीव्ही तपासणीचा नमुना बाई स्वतःच आडोशाला घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्याला मान्यता दिली आहे. कोपीवर हे जमण्यासारखे आहे. मुलींसाठी लस आहे, पुण्यातही बनते, ती द्यावीच. पण आजच्या तिशी-चाळिशीच्या बाईला लस पुरणार नाही, तिला तपासणीच हवी.

कोणी म्हणेल, हे चळवळीचे काम नव्हे, आपण भावाचे बोलावे. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले, पुढे लक्ष्मीमुक्तीत नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली, तेव्हाही असेच म्हटले गेले होते. निंदणी-खुरपणी, कापसाची वेचणी, ज्वारीची काढणी कुणाच्या हाताने होते? उत्पादन खर्चात तिची मजुरी धरा असे आपण सरकारला सांगतो. मग तिचा जीव हिशेबात धरायचा नाही का?

म्हणून मेळाव्यापुढे चार ठराव ठेवतो. पहिला, गाळप हंगामात प्रत्येक साखर कारखान्याने तोडणी टोळ्यांच्या अड्ड्यावर एचपीव्ही तपासणीची सोय करावी, तो दिवस खाडा धरू नये. दुसरा, निकाल बाई गावी परतण्याआधी तिच्या हातात पडावा आणि गावाकडच्या आशाताईलाही कळवावा. तिसरा, दोष निघालेल्या बाईला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नेऊन उपचार पुरा करण्याची जबाबदारी आरोग्य खात्याने घ्यावी. नुसती तपासणी करून सोडून देणे म्हणजे पंचनामा करून भरपाई न देणे. चौथा, तपासणीशिवाय आणि सरकारी डॉक्टरच्या दुसऱ्या मताशिवाय कुणाचीही पिशवी काढू नये.

पाचवी गोष्ट ठरावाची नाही, आपली आहे. मेळाव्याहून घरी गेल्यावर प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या घरातल्या तिशीपुढच्या बाईला विचारावे, तुझी तपासणी झाली का? नसेल, तर बैलाच्या लाळ्याखुरकताची लस चुकू न देणाऱ्या माणसाने तिला घेऊन आरोग्य केंद्रात जावे आणि सोय का नाही, याचा जाब तिथेच विचारावा.