‘ह्यांनी’ जुनी टर्बो गाडी घेतलीय!

विट्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून छापत नाही. यजमानांचं कोइमतूरला गलाईचं दुकान. सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या या धंद्यापायी खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर पांगली आहेत, हे विटेकर भगिनींना मी काय सांगावं! तर या यजमानांनी २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस विकत घेतली आहे. बाई लिहितात, “गाडी देखणी आहे, पळतेही छान. पण आता इंजिनाची ताकद वाढवायची म्हणून माझ्या भिशीच्या पैशांवर डोळा आहे. सुट्टीत आम्हा सगळ्यांना याच गाडीने कोइमतूरला न्यायचं म्हणतात. हजारेक किलोमीटरचा रस्ता, बरोबर दोन मुलं. पैसे देऊ की नको?”

बाई, पैसे द्या. पण ताकद वाढवायला देऊ नका. ती गाडी धडपणे कोइमतूरला पोचून परत येईल, एवढ्यासाठी द्या.

आधी गाडीविषयी थोडं. ही काही परक्या मुलखातून आलेली चीज नव्हे. औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याच्या कारखान्यात ती जुळवली जाई. २००४ साली बाजारात आली तेव्हा पेट्रोलवर चालणाऱ्या टर्बो गाड्या आपल्याकडे जवळजवळ नव्हत्याच. इंजिन १.८ लिटरचं, ताकद १५० अश्वशक्ती. यजमानांच्या डोळ्यांत चमक का आली ते मला कळतं. घरातल्या माणसाला एक शौक असावा, त्यावर आमचं काही म्हणणं नाही.

टर्बो म्हणजे काय, ते स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एरवी वाया जातो. टर्बोमध्ये तो धूर एक छोटं चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. दाब फार वाढू नये म्हणून धुराला दुसरी वाट देणारी एक झडप असते. आपल्या कुकरची शिट्टी समजा. गॅरेजवाले ‘चिप’ बसवतात किंवा कॉम्प्युटरची मांडणी बदलतात, म्हणजे त्या शिट्टीचं वजन वाढवतात. १५० ची १८०-१९० अश्वशक्ती होतेही. पण वीस वर्षं वापरलेल्या, रिंग कडक झालेल्या कुकरच्या शिट्टीवर बत्ता ठेवाल का तुम्ही?

या गाडीचं खरं दुखणं तिची ‘रिंग’च आहे. इंजिनाभोवती रबराच्या लहानमोठ्या कितीतरी नळ्या आहेत. वीस वर्षांच्या उष्णतेनं त्या चिरतात, हवा चोरून आत-बाहेर जाते आणि गाडी मध्येच दम टाकते. मालकाला वाटतं टर्बो गेला, आणि तो नवा टर्बो शोधायला लागतो! बऱ्याचदा खोट एखाद्या स्वस्तातल्या नळीत निघते. म्हणून सगळ्या नळ्या एकदम बदलून घ्याव्या. त्यातही पेट्रोलच्या नळ्या आधी. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ही गाडी घडली तेव्हा तसं नव्हतं, आणि जुनं रबर त्याने लवकर खराब होऊ शकतं. गाडीपाशी पेट्रोलचा वास आला तर किल्ली फिरवूच द्यायची नाही.

दुसरी गोष्ट टायमिंग बेल्टची, आणि ही मी सर्वांत मोठी मानते. हा पट्टा तुटला तर इंजिनातल्या झडपा पिस्टनवर आपटतात आणि इंजिन जागच्या जागी निकामी होतं. तेही ऐन वेगात. आधीच्या मालकानं पट्टा कधी बदलला याची पावती नसेल, तर बदललाच नाही असं धरून चालावं. “साहेब, बरा दिसतोय” या शब्दावर जाऊ नये. पट्टा बदलताना त्याचा ताण सांभाळणारी कप्पी आणि पाण्याचा पंपही बदलावा, कारण पंप त्याच पट्ट्यावर चालतो आणि तो बदलायचा म्हटलं की सगळं पुन्हा उघडावं लागतं, मजुरी दुप्पट. मूळ पंपाचं पातं प्लॅस्टिकचं असे, ते तडकत असे. धातूच्या पात्याचा पंप मिळतो, तो घ्यावा.

आता तेल. टर्बोचं चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. फोडणीचं तेल करपलं की कढईला काळी खपली धरते ना, तशी खपली तेल जुनं झालं की टर्बोच्या बारीक नळीत धरते. मग तेल पोचत नाही आणि दांडा झिजतो. म्हणून कंपनीनं सांगितलेल्या प्रतीचं सिंथेटिक तेलच घालायचं, आणि पुस्तकातल्या मुदतीच्या आधीच बदलायचं. गाडी नवीन हाती आली आहे तेव्हा एकदा खालचं तेलाचं भांडं उतरवून आतली जाळी साफ करून घ्यावी. तिथे गाळ बसतो. घाट चढून किंवा जोरात पळवून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नये, मिनिट-दोन मिनिटं सावकाश चालू ठेवावं. एवढं तुम्ही शेजारी बसून सांगू शकता, याला पैसे पडत नाहीत.

रेडिएटरमध्ये विहिरीचं किंवा नळाचं पाणी घालू देऊ नका. आपल्याकडच्या पाण्यानं पातेल्याला पांढरा थर बसतो, तसाच तो आत बसतो. कंपनीचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच हवं.

या सांभाळण्यावरून एक जुनी हकीकत आठवली. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची टर्बो मोटार निघाली. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर आणि मेथॅनॉल यांच्या मिश्रणाची एक टाकी होती, ती अधूनमधून भरावी लागे. लोक भरायचेच विसरत! पुढे कंपनीनेच कित्येक गाड्यांचा टर्बो काढून त्या जागी साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. यंत्र हुशार होतं, पण त्याची वास्तपुस्त करायला कुणी नव्हतं.

चार सिलिंडरांना ठिणगी देणाऱ्या चार कॉइल असतात. त्यातली एक गेली की गाडी थरथरते. जास्तीची एक डिकीत ठेवावी. ब्रेकचं तेल दर दोन वर्षांनी बदलावं, ते हवेतला ओलावा शोषतं आणि घाटात दगा देतं. टायर नक्षीवरून जोखू नयेत. बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ‘२३१७’ असेल तर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. असा टायर नक्षी कितीही कोरी दिसली तरी काढून टाकायचा.

कागदपत्रांचंही पाहा. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची पुनर्नोंदणी पाच-पाच वर्षांची होते, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. पुस्तकावरची मुदत तुम्ही स्वतः वाचा. उत्पादकाच्या मूळ तपशिलात फरक पडेल असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही ते स्पष्ट केलं. आणि ताकद वाढवून विमा कंपनीला कळवलं नाही, तर अपघातानंतर दावा अडू शकतो. गाडीत मुलं बसणार आहेत, तेव्हा हे यजमानांना नीट ऐकवा.

ऐकवायचं कसं? भांडून नव्हे. ते गलाईवाले आहेत. मुशीला तडा आहे की नाही हे पाहिल्याशिवाय ते भट्टीत सोनं ठेवतील का, एवढंच विचारा. मग गॅरेजवाल्याकडून लेखी अंदाजपत्रक मागवा, दोन याद्यांचं. एकीत पट्टा, पंप, नळ्या, तेल, ब्रेक, टायर. दुसरीत चिप, मोठा सायलेन्सर वगैरे. भिशीचे पैसे पहिल्या यादीला द्या, आणि बदललेले जुने भाग पिशवीत घालून घरी मागा. ते पाहिले की काम खरंच झालं की नाही ते कळतं.

पहिली यादी झाली की लगेच कोइमतूर गाठू नका. आधी विटा-कराड, मग विटा-कोल्हापूर अशा फेऱ्या होऊ द्या. रोज सकाळी इंजिन गार असताना तेलाची काडी आणि पाण्याची पातळी पाहून वहीत मांडा. किराण्याची वही ठेवता तशीच. दोन महिने आकडा हलला नाही, तर सुट्टीत खुशाल निघा. दुसऱ्या यादीचे पैसे यजमानांनी दुकानाच्या गल्ल्यातून काढावेत.