घास टॉर्टियाचा, चव घरची

वाढदिवस तिचा, बिल माझं आणि चूकही माझीच.

लंडनच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर एक मेक्सिकन मुलगी बसते. ओआहाकाची. चार वर्षं घरी गेलेली नाही. तिच्या वाढदिवसाला मी ऐटीत जाहीर केलं, ‘आज तुला तुझ्या घरचं जेवण!’ आणि नेटवर पहिलं दिसलेलं मेक्सिकन रेस्टॉरंट बुक करून मोकळा झालो.

भिंतीवर भल्यामोठ्या टोप्या, छताला मिरच्यांच्या आकाराच्या दिव्यांच्या माळा आणि वेटरला चक्क चिकटवलेल्या मिशा! टेबलावर आले नाचोज, चिली कॉन कार्ने, चरचरत्या तव्यावरचे फहिता आणि कडक कवचातले टाको, पिवळ्या चीजचं पांघरूण घेऊन झोपलेले. मी जाम खूश. तिने सगळं शांतपणे संपवलं, तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘छान होतं. थँक यू.’

ते ‘छान होतं’ मी लगेच ओळखलं. आई लंडनला आली होती, तेव्हा तिला मी मोठ्या कौतुकाने एका ‘इंडियन’ रेस्टॉरंटात नेलं होतं. नारिंगी रंगाची गोडसर ग्रेव्ही, उशीच्या अभ्र्याएवढा नान. आईने अगदी हाच चेहरा करून हेच दोन शब्द उच्चारले होते. आणि घरी आल्यावर, मला झोप लागलीय असं समजून, कुकर लावला होता. खिचडीचा.

सोमवारी कॉफी मशीनपाशी मी तिला गाठलं. म्हटलं, ‘खरं सांग.’

तिने सांगितलं. नाचोज जन्मले ते 1943 मध्ये, पिएद्रास नेग्रास नावाच्या सीमेवरच्या गावात. पलीकडून आलेल्या अमेरिकन बायकांसाठी इग्नासिओ अनाया नावाच्या माणसाने हाताला लागेल ते घेऊन केलेली ही डिश. इग्नासिओचं लाडाचं नाव नाचो, म्हणून नाचोज. फहिता टेक्सासमधले. चिली कॉन कार्ने तर 1977 पासून टेक्सास राज्याची अधिकृत डिश आहे. ‘थोडक्यात काय, वाढदिवसाला तू मला टेक्सासला फिरवून आणलंस,’ ती म्हणाली. ‘टेक्स-मेक्स वाईट नसतं रे. फक्त त्याला माझ्या घरचं म्हणू नकोस.’

आता प्रश्न इज्जतीचा होता. मी म्हटलं, ‘या शहरात तुझ्या घरचं जेवण शोधून दाखवतो.’

‘घर कुठलं पण?’ तिने विचारलं. तिच्या ओआहाकात मोले म्हणजे निरनिराळ्या सुक्या मिरच्या, मसाले, बिया, कधी चॉकलेटसुद्धा वाटून केलेला दाट रस्सा. युकातानमध्ये डुकराचं मांस आंबट संत्र्याच्या रसात आणि आचिओते नावाच्या लाल बियांच्या वाटणात मुरवून, केळीच्या पानात गुंडाळून शिजवतात. उत्तरेला गव्हाच्या टॉर्टिया, दक्षिणेला मक्याच्या. मला पटकन कळलं. ‘महाराष्ट्रीयन जेवण’ असा बोर्ड पाहिला की मालवणी माणूस आणि वऱ्हाडी माणूस दोघंही आत जातात आणि दोघंही नाराज होऊन बाहेर येतात, त्यातलाच प्रकार!

गंमत म्हणजे हा फरक इंग्रजी वाचणाऱ्या जगाच्या गळी उतरवणारी बाई लंडनच्या वेशीवरची. डायना केनेडी, जन्म 1923, एसेक्समधल्या लाउटनचा. मेक्सिकोत राहिली, गावोगाव हिंडली, बायकांच्या चुलीपाशी बसून शिकली. 1972 मध्ये आलेल्या तिच्या पहिल्या पुस्तकाचं नाव होतं ‘द क्विझीन्स ऑफ मेक्सिको’. क्विझीन नव्हे, क्विझीन्स. सगळा फंडा त्या अनेकवचनात आहे. 2022 मध्ये, वयाच्या 99व्या वर्षी, ती मेक्सिकोतच गेली.

तर मंडळी, आमची शोधमोहीम सुरू झाली. दर शनिवारी एक रेस्टॉरंट. परीक्षक ती, बिलाचा मालक मी.

तिची परीक्षा सोपी. आत गेल्यावर भिंतीकडे बघायचं नाही, मेन्यूकडेही नाही. एक टॉर्टिया मागवायची (‘टॉर्टिला’ म्हटलं की ती डोळे वटारते), वर चिमूटभर मीठ घालायचं, गुंडाळायची आणि खायची. बास. माझी आजी भाकरीचा नुसता पापुद्रा तोंडात टाकून पीठ कधीचं आहे ते सांगायची, तसंच.

एवढं काय असतं त्या टॉर्टियात? तर चुना! हो, आपल्या पानाला लावतात तोच. मक्याचे वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर भिजू द्यायचे, साली चोळून धुऊन काढायच्या आणि मग वाटायचे. याला म्हणतात निश्तमाल. पूर्वी हे वाटण मेताते नावाच्या दगडावर व्हायचं. फोटो बघितला तर सरळसरळ आपला पाटा-वरवंटा. चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो, वास येतो आणि मक्यात अडकून पडलेलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व अंगी लागतं. कोलंबसानंतर मका युरोपात आला, पण चुन्याची युक्ती मागेच राहिली. परिणाम? 18व्या शतकात स्पेनमध्ये आणि उत्तर इटलीत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी सोलवटायची, माणसं भ्रमिष्ट व्हायची. बी आणलं, पण ते शिजवणाऱ्या बायकांना कुणी काही विचारलं नाही. हे ऐकल्यापासून ‘ऑथेंटिक’ या शब्दाला मी हसत नाही.

लंडन तसं शिकत गेलंय. कूल चिली कंपनी 1993 पासून सुक्या मेक्सिकन मिरच्या आणू लागली आणि पुढे इथेच मक्याच्या टॉर्टिया बनवायलाही लागली. 2005 मध्ये बीबीसीची मास्टरशेफ स्पर्धा जिंकलेल्या थॉमसिना मायर्सनं 2007 मध्ये कॉव्हेंट गार्डनजवळ ‘वहाका’ काढलं. ओआहाका इंग्रजांना उच्चारता यावं म्हणून केलेलं नाव! मैत्रीण नावावर हसली, पण म्हणाली, ‘टोप्या आणि मिशांशिवाय मेक्सिको असतो हे या लोकांनी इथल्या तरुणांना दाखवलं.’ मग 2020 मध्ये सान्तिआगो लास्त्रा या मेक्सिकन शेफनं मेरिलबनमध्ये ‘कोल’ उघडलं. तिथला नियम जगावेगळा: मका आणि मिरच्या मेक्सिकोच्या, बाकी जवळपास सगळं ब्रिटनचं. ॲव्होकाडो नाही, लिंबूसुद्धा नाही, आंबटपणासाठी सी बकथॉर्नची नारिंगी फळं. 2022 मध्ये त्याला मिशेलिनचा तारा मिळाला.

इथे मी वाद घातला. म्हटलं, ‘लिंबाशिवाय टाको? हे कसलं ऑथेंटिक?’

ती म्हणाली, ‘टाको अल पास्तोर ऐकलंयस? सळईवर फिरणारं मांस सुरीने तासून देतात ते? ते लेबनॉनहून आलेल्या लोकांचं शावर्मा. आमच्याकडे येऊन त्याचं डुकराचं मांस झालं, मिरच्यांचं वाटण लागलं, वर अननस बसला. आता मेक्सिको सिटीत त्याला परकं म्हणून तर बघ!’ मी गप्प. मिरची, टोमॅटो, पेरू, चिकू हे सगळं तिच्या बाजूच्या जगातून आपल्याकडे आलेलं. मिरचीशिवाय कोल्हापूर कसं दिसलं असतं, कल्पना करा. म्हणजे प्रश्न वस्तू कुठून आली याचा नव्हताच. मग कशाचा होता?

उत्तर सापडलं सहाव्या शनिवारी, पूर्व लंडनमध्ये रेल्वेच्या कमानीखालच्या एका गाळ्यात. प्लास्टिकची स्टुलं, फळ्यावर खडूने लिहिलेले चार पदार्थ, त्यातला एक पुसलेला, कारण संपला होता. तव्यासमोर पन्नाशीच्या एक बाई. वरून ट्रेन गेली की ग्लास थरथरत होते. मैत्रिणीने नेहमीप्रमाणे टॉर्टिया मागितली, मीठ घातलं, गुंडाळली, एक घास घेतला. मी निकालाची वाट बघत होतो.

निकाल आलाच नाही. ती उठून तव्यापाशी गेली आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलली. बाईंनी मान वर केली. पुढची वीस मिनिटं दोघी बोलत होत्या. मला त्यातलं ‘ओआहाका’ आणि ‘मामा’ एवढंच कळलं. तिचे टाको थंड झाले. परत आली तेव्हा नाक लाल होतं. म्हणाली, ‘मिरची लागली.’ टॉर्टियात मिरची नसते, हे एव्हाना मला कळत होतं.

पहिल्या पाच ठिकाणी तिने मार्क दिले होते: पीठ ताजं, साल्सा पातळ, वगैरे. इथे ती मार्क द्यायचं विसरली. माझ्या मते ऑथेंटिक जेवणाची खूण तीच. तुम्ही परीक्षा घ्यायला जाता आणि मधेच लक्षात येतं की आपण नुसते जेवतोय.

आता शेवटचं. टेबलावर एक बाटली होती, त्यात काळपट लाल तेल. मी थोडं चाखलं आणि ताडकन उडालो. सुकी मिरची, लसूण, शेंगदाणे, तीळ! नाव साल्सा माचा, व्हेराक्रूझकडची. म्हटलं, ही तर आमच्या सोलापूरची शेंगाचटणी, फक्त तेलात बुडालेली! दोघींचाही विश्वास बसेना. मग पुढच्या शनिवारी मी घरातला शेवटचा डबा, आईने बॅगेत कोंबून पाठवलेला, बाईंपुढे ठेवला.

बाईंनी चिमूट घेतली. तव्यावरची टॉर्टिया उचलली, त्यावर चटणी पसरली, गुंडाळली, खाल्ली. डोळे मिटून विचार केला. मग मैत्रिणीला काहीतरी सांगितलं. मी धडधडत्या छातीने विचारलं, ‘काय म्हणाल्या?’

‘म्हणाल्या, चव घरची आहे,’ मैत्रीण हसली. ‘पण आईला सांग, तेल घालायला विसरलीय.’

आईला हे अजून सांगितलेलं नाही. हिंमत नाही.